कारगिलच्या वर्षीची रोवणी

परवा आमच्या कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा झाली. विषय होता ‘युद्धकाळातील स्त्रियांचे योगदान’. जुलै संपत आला की असा एखादा विषय निघतोच, आणि मराठीची बाई म्हणून परीक्षकाच्या खुर्चीत मलाच बसवतात. अकरा मुली बोलल्या. अकराही जणींनी त्याच राण्या आणल्या, तीच तलवार उपसली, तोच घोडा उधळला. पोरी बोलल्या छान, नाही म्हणणार नाही. पण चौथ्या मुलीपासून माझं लक्ष खिडकीबाहेर गेलं. ब्रह्मपुरीत चार दिवसांपासून झड लागली होती आणि रस्त्यावरून एक काळीपिवळी जीप चालली होती. आत बाया, मागच्या दांडीला लटकलेल्या बाया, लुगडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्यावर मेणकापडाच्या खोळी. रोवणीला निघाल्या होत्या. एकीनं ड्रायव्हरला अशी काही शिवी हासडली की ती सभागृहात शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आली. मंचावरची मुलगी अडखळली. मला मात्र फार बरं वाटलं.

आमच्याकडे धानाची रोपं आधी एका तुकड्यात दाट पेरतात. त्यांना पऱ्हे म्हणतात. महिनाभराचे झाले की ते उपटायचे, जुड्या बांधायच्या आणि चिखल केलेल्या बांधीत एकेक करून लावायचे. ही झाली रोवणी. बांधी म्हणजे धुऱ्यांनी, म्हणजे बांधांनी, अडवलेला धानाचा तुकडा. हे सगळं मी पुण्यामुंबईच्या पाहुण्यांना इतक्या वेळा सांगितलंय की आता तोंडपाठ झालंय. ते विचारतात, “कंबर नाही दुखत बायकांची?” काय बोलावं! दुखते. दुसऱ्या दिवशी तीच कंबर घेऊन परत वाकायचं.

धानाचं सगळं काम बाईचं. पऱ्हे उपटणं, रोवणं, निंदणं, कापणी, भारे बांधणं, पाखडणं, आणि शेवटी शिजवणंही. एकच काम बाईला वर्ज्य. नांगर. आमच्या गावात बाई नांगराला हात लावत नसे. लागलाच चुकून, तर नवऱ्याच्या आयुष्यावर येतं म्हणत. अंगणात नांगर ठेवलेला असला की आम्ही पोरी वळसा घालून जायचो, आणि झाडताना त्याच्याभोवती कचऱ्याचं एक कडं राहून जायचं. मी तेव्हा वीस वर्षांची, बीएच्या दुसऱ्या वर्षाला, कॉलेजात वादविवाद जिंकणारी. आणि मीही वळसा घालायची. खोटं कशाला बोलू!

त्या वर्षी कारगिल सुरू होतं.

गावातले तिघं जण फौजेत होते. त्यातला एक माझा दादा, ईश्वर. आमचे वडील मी सातवीत असताना गेले. तेव्हापासून घरात माय, दादा, मी, आणि लग्न होऊन आली तेव्हापासून सुरेखा वहिनी. दादा दर वर्षी रोवणीच्या तोंडावर सुट्टी काढून यायचा. आठ दिवसांत सगळ्या बांध्यांचा चिखल करून द्यायचा, मग अंगाला तेल चोळून घेत दोन दिवस झोपायचा आणि परत जायचा. त्या वर्षी जूनमध्ये पत्र आलं की सुट्ट्या रद्द झाल्या आहेत. पत्त्यात गावाचं नाव नव्हतं, नुसता एक आकडा. माय ते पत्र उलटंसुलटं करून विचारायची, “हे गाव कुठी आहे वं? इथी थंडी पडते का?” मी म्हणायची, “माय, आकड्याले थंडी कशी पडन?” वहिनी ते घडी करून परत पाकिटात ठेवायची. तिचं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं, आणि त्या दीड वर्षात दादा तिला सगळे मिळून दोन महिने दिसला होता.

संध्याकाळी रेडिओवर बातम्या लागायच्या. शेकडो नावं कानावर पडायची, सगळी डोंगरांची. आमच्या धानाच्या मुलखात डोंगर म्हणजे लांब क्षितिजावर दिसणारी एक निळी रेघ. त्या डोंगरांवर रात्रंदिवस तोफा चालल्या आहेत हे ऐकून माय हातातला तांदूळ निवडायचं थांबवायची. बातम्या संपल्या की परत निवडायला लागायची. आमच्या घरी त्या महिन्यात तांदळात एक खडा सापडला नाही.

पऱ्हे मात्र कुणासाठी थांबत नाहीत. जुलैच्या मध्याला ते महिन्याचे झाले, बुडखे जाड व्हायला लागले. अजून आठ-दहा दिवस गेले की त्यांना आतल्या आत गाठी धरतात, मग रोवा नाहीतर ठेवा, धान पोचट येतो. माय शेजारच्या नामदेवभाऊंकडे गेली. नामदेवभाऊ चांगला माणूस. म्हणाले, “माहं अर्धंबी झालं नाई बाई. आठ दिस थांब. माहं झालं का येतोच.” दुसरीकडे गेली, तिथंही तेच. त्यात कुणाची चूक नव्हती. तलावात पाणी होतं, वर पाऊस होता, आणि प्रत्येकाच्या बांधीत त्याचा स्वतःचा चिखल व्हायचा होता. आठ दिवसांनी आमच्याकडे वर्षभर खायला काय राहणार हे मायला बोटावर मोजून सांगता येत होतं, म्हणून ती मोजत नव्हती.

घरी आली तर वहिनी ओट्यावर उभी. म्हणाली, “माय, मी धरतो नांगर.”

पायातून काढलेली चप्पल मायच्या हातून खाली पडली. “तोंड धू पहिले,” ती म्हणाली. “तो तिकडं गोळीच्या तोंडी उभा आहे अन् तू इथी नांगराले हात लावतं?”

हे शेजारच्या ताराबाईंनी ऐकलं. ताराबाई म्हणजे नामदेवभाऊंच्या घरच्या. त्यांच्या आणि आमच्या अंगणात एक कुंपण होतं, पण त्यांच्या कानांना ते कधी आडवं आलं नाही. त्या लगोलग आल्या. “अवं, काही इपरीत झालं तं उद्या गाव कोनाले म्हनन? सुनेलेच म्हनन! जनमभर कोनी पानी नाई पिवाचं हिच्या हातचं.” त्या दुष्टपणानं बोलत नव्हत्या. खरं तेच सांगत होत्या, आणि म्हणून वहिनीचा चेहरा उतरला. दादाला काही झालं, तर तो तर जाईलच, वर त्याला मारल्याचा डाग तिच्या कपाळी बसणार होता.

मायनं पडलेली चप्पल उचलून दाराशी ठेवली. मग जे बोलली ते माझ्या कानात अजून तसंच आहे.

“मले का होते मंग? माहा नवरा तं कवाचा गेला. माह्या हातानं कोनाचं आयुष्य कमी होते?”

ताराबाई म्हणाल्या, “पोराच्या जिवावर आलं तं?”

“शास्त्रात नवरा आहे. पोरगं नाई. मी चांगली इचारून आहे.” कुणाला विचारलं होतं देव जाणे. मग तिचा आवाज चढला. “लग्नात मांगं बस म्हनता, हळदीले हात नोको लावू म्हनता. सात वर्सं झाले, मांगंच बसून राह्यलो. आता एक जागा भेटली पुढं जायाची, तं तिथी बी आडवे येता का?”

ताराबाई आल्या तशा कुंपणापलीकडे निघून गेल्या.

वर्गात मी मुलांना सांगत असते की रूढी फोडायला मोठे विचार लागतात. सांगते, पण मनातून मला ते पटत नाही. माझ्या मायनं विचार-बिचार काही केला नव्हता. तिनं रूढी नीट वाचली, तिला त्यात एक फट दिसली, आणि त्या फटीतून ती दोन बैल आणि एक नांगर घेऊन निघून गेली.

पण नांगर धरायचा कसा, हे तिला कुठं येत होतं? ते येत होतं गावात एकाच बाईला. शेवंताबाईंना. त्या बौद्ध वस्तीतल्या, जंगलाच्या कडेला त्यांच्या दोन बांध्या. नवरा गेल्यावर सहा वर्षं त्या स्वतःच्या हल्यांची, म्हणजे रेड्यांची, जोडी जुंपून स्वतः चिखल करत होत्या. गावानं कधी हरकत घेतली नाही, कारण गावानं कधी तिकडं पाहिलंच नव्हतं. माय त्याआधी त्यांच्या घरी कधी गेली नव्हती. शेतात कामाला सांगायची तर तेही रस्त्यावरून हाक मारून. त्या दिवशी ती त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. मी सोबत होते.

“तुमाले पाप-गिप नाई लागलं का जी?” मायनं विचारलं.

शेवंताबाई मोठ्यानं हसल्या. “माह्या सासऱ्यानं ते समदं छप्पनलेच नागपूरले सोडलं. घेऊन नाई आला तो वापस.” मग मायच्या तोंडाकडे पाहून हसायच्या थांबल्या. “शिकवतो. पन एक गोष्ट आहे. दुपारी एकाच धुऱ्यावर बसून जेवू. तुमी तिकडं अन् मी इकडं, तसं नाई जमनार.”

माय म्हणाली, “मी डबा दोघींचा आनतो.” दुसऱ्या दिवशी पहाटे उठून तिनं अंबाडीची भाजी केली ती पाहुण्यांना करतात तशी, लसणाची फोडणी देऊन.

पहिल्या दिवसाचा चिखल आठवला की मला अजून हसू येतं. खैऱ्या आणि बांड्या ही आमची जोडी. त्यांना हाकायचा दादा, आणि चारा घालायची माय. माय एका हातात रुमणं, म्हणजे नांगराची मूठ, आणि दुसऱ्या हातात तुतारी, म्हणजे बैल हाकायची काठी, धरून मागं उभी राहिली आणि तिनं आवाज दिला. दोन्ही बैलांनी मान वळवून मागं पाहिलं. हा आवाज आला की कुटार, म्हणजे कोरडा चारा, येतं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. ते वाट पाहत उभे राहिले. मायनं परत आवाज दिला, बैलांनी जिभा बाहेर काढल्या. धुऱ्यावर उभ्या शेवंताबाई पोट धरून हसत होत्या. “अवं, त्याइले वाटते का तू जेवाले बोलवून राह्यली!”

शेवटी तोडगा निघाला तो असा: बीए भाग दोनची विद्यार्थिनी कुटाराची टोपली डोक्यावर घेऊन बैलांच्या पुढं चालेल. मी गुडघाभर चिखलात पुढं, माझ्यामागं बैल, बैलांमागं नांगर, नांगरामागं माय आणि तिच्या बाजूनं ओरडत शेवंताबाई. “दाब नोको वं! तू त्याले गाडून राह्यली का? सोड जराशीक! हां! आता मुंडी पाहू नोको, बैलाचे पाय पाह!” खैऱ्याचा गरम श्वास माझ्या मानेवर येत होता. किरवे, म्हणजे बारके खेकडे, पायांखालून पळत होते. तीन वेळा मी पडले. त्यातल्या एकदा टोपलीसकट पडले, आणि मग बैल जागेवरच जेवायला थांबले.

संध्याकाळपर्यंत अर्धी बांधी झाली. वेडीवाकडी झाली. एका कोपऱ्यात तर कोरडं ढेकूळ तसंच राहिलं. मायच्या दोन्ही तळहातांना फोड आले होते आणि तिनं ते कुणाला दाखवले नाहीत. पण घराकडे येताना ती गावाच्या मधल्या रस्त्यानं आली. एरवी ती मागच्या गल्लीनं यायची. नांगर बैलांच्या जुवावर उलटा टाकलेला, अंगभर चिखल, लुगडं खोचलेलं. पारावरचे पुरुष वळून पाहायला लागले. कुणीतरी म्हणालं, “झालं का वं बाई?” माय म्हणाली, “अर्धी झाली. उद्या राह्यलेली करतो.” एवढंच. आपल्या आईचा अभिमान वाटायला मला वीस वर्षं लागली, हे लिहिताना लाज वाटते. त्या दिवशी मात्र तो इतका वाटला की मी मुद्दाम तोंड न धुता पाणी भरायला गेले.

चौथ्या दिवशी फौजेत असलेल्या दुसऱ्या मुलाची आई आली. तीही विधवा. पाचव्या दिवशी गावातल्या अजून दोघी विधवा. ज्या बायांना कुणी ओवाळायला पुढं बोलावत नव्हतं, त्या चौघी आता रोज सकाळी सगळ्यांच्या पुढं चालायच्या. तिन्ही फौजींच्या बांध्यांचा चिखल त्यांनी वाटून घेतला. मागून रोवणीच्या बाया यायच्या, रांगेत वाकायच्या आणि जुळवून जुळवून गाणी म्हणायच्या. गाण्यात माझी टोपली आली, बांड्याची जीभ आली, मायचा आवाज आला. दुपारी सगळ्या एकाच धुऱ्यावर जेवायच्या. शेवंताबाईंच्या डब्यातली सुक्या मासळीची चटणी पहिल्यांदा मायनं चाखली तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाली, “तिखट आहे जी बम.” आणि परत घेतली.

आज गावात चिखल ट्रॅक्टर करतो. लोखंडी चाकं लावलेला ट्रॅक्टर तासाभरात चार बांध्या उरकतो आणि ड्रायव्हर मोबाईलवर गाणी ऐकत असतो. बरंच झालं. बैलांच्या मागं चालण्यात काही काव्य नव्हतं, हे मी पुढं चालून सांगते. पण रोवणी अजून हातानंच होते, आणि त्या जीपमधल्या बाया अजून तशाच वाकतात. यंदा उन्हाळ्यात परत युद्धाच्या बातम्या आल्या. टीव्हीवर माणसं नकाशे घेऊन ओरडत होती. नकाशावर बाण होते, विमानं होती. आमच्या गल्लीत एकीचा मुलगा सीमेवर आहे. ती ते बाण पाहत मोहफुलं सुकवत होती, कारण वर पाऊस आला असता तर वर्षभराची फुलं सडली असती. तिला विचारलं, काळजी वाटत नाही का? म्हणाली, “वाटते तं. पन हात रिकामे ठेवून काळजी केली का जास्त वाटते.”

मला वाटतं, युद्धाच्या काळात बाया काय करतात याचं उत्तर जवळपास एवढंच आहे. पण हे त्या अकरा मुलींना दहा गुणांच्या भाषणात बसवून कसं सांगायचं?

तर कारगिलच्या वर्षीचा तो मंगळवार.

आमची शेवटची एक बांधी राहिली होती, तलावाच्या पाळीखालची, म्हणजे बांधाखालची. आदल्या संध्याकाळी पऱ्हे उपटून जुड्या बांधून ठेवले होते. उपटलेले पऱ्हे दुसऱ्या दिवशी रोवले नाहीत तर पिवळे पडतात. आणि मंगळवारी पहाटे माय थंडीतापानं कुडकुडत उठली. दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. शेवंताबाई आणि बाकीच्या तिघी दुसऱ्या फौजीच्या शेतात, गावाच्या त्या टोकाला. उजाडायच्या आत वहिनीनं मला उठवलं आणि म्हणाली, “टोपली घ्या, बाई.”

मला वाटलं ती शेवंताबाईंना बोलावणार. शेतात पोचल्यावर तिनं स्वतः बैल जुंपले. पाऊस बारीक पडत होता, आजूबाजूला कुणी नव्हतं. तिनं पदर खोचला, तुतारी उचलली आणि रुमण्याकडे हात नेला.

मी ओरडले, “वहिनी, नोको! दादाले काही झालं तं?”

ही मी. वादविवाद जिंकणारी.

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत भीती होतीच, ती काही नसल्याचा आव आणत नव्हती. “बाई,” ती म्हणाली, “त्याइच्या हातात बंदूक आहे तं त्याइले म्हनतो का आपन, नोको धरू म्हनून? उपटलेले पऱ्हे आहेत. चाला पुढं.”

मी पुढं चालले. मागं वळून पाहायची माझी हिंमत झाली नाही, पण नांगर सरळ येतोय हे बैलांच्या चालीवरून कळत होतं. दहा दिवस ती धुऱ्यावर बसून शिकत होती आणि आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. दिवस वर यायच्या आत बांधी झाली. मायपेक्षा चांगली झाली. रोवणीच्या बाया आल्या तेव्हा बैल सुटलेले होते, आणि त्यांना वाटलं की मायनंच केलं. आम्ही काही बोललो नाही. घरी जाऊन मायला सांगितलं. तिनं तापातच वहिनीचा हात धरला, तळवा उघडून पाहिला आणि म्हणाली, “हे माह्या हातचं आहे. समजलं? कोनी इचारलं तं हे मी केलं.”

रविवारी तिघा फौजींचंही रोवून झालं. आमच्याकडे शेवटच्या दिवशी मालकाला चिखल माखतात आणि त्याच्याकडून जेवण उकळतात. मालक डोंगरावर होता, म्हणून बायांनी मायला माखलं, वहिनीला माखलं, मला तर टोपलीसकट माखलं. आमच्या अंगणात पंगत बसली होती. भात, डाळ, वड्या. माय आणि शेवंताबाई शेजारी शेजारी. ताराबाई वाढत होत्या, नामदेवभाऊ कुंपणाशी उभे राहून मजा पाहत होते. तेवढ्यात किराणा दुकानवाले काका छत्री न घेता पळत आले. गावात फोन तेवढा त्यांच्याकडे होता.

“ईश्वरचा फोन नाई, त्याच्या दोस्ताचा होता,” ते धापा टाकत म्हणाले. “गोळी लागली. मांडीत.”

वहिनीच्या हातातलं पातेलं खाली आलं. “जीव?” तिनं एवढंच विचारलं.

“आहे. जीव आहे. दवाखान्यात आहे, आपरेशन झालं. दोन दिसात सोता बोलतो म्हनते. मंगळवारी लागली म्हनते, सकाळच्या पारी.”

वहिनी खाली बसली आणि रडायला लागली. मायनं तिला जवळ घेतलं. दोघींच्या अंगावरचा चिखल एकमेकींना लागत होता. बाया उठल्या, कुणी पाणी आणलं. जीव आहे, जीव आहे, असं जो तो म्हणत होता. आणि मग ताराबाईंच्या हातातली पळी थांबली. त्यांचं बोट हळूहळू बोटावर चालायला लागलं.

“मंगळवारी,” त्या म्हणाल्या. “मंगळवारी तं तुमची पाळीखालची बांधी झाली.”

“हो,” माय म्हणाली. “मी केली.”

“तू तं तापानं फनफनली होती. मी सोता काढा घेऊन आलतो तुह्यासाठी.” ताराबाईंनी शेवंताबाईंकडे आणि बाकीच्या तिघींकडे पाहिलं. त्या तर गावाच्या त्या टोकाला होत्या, हे सगळ्यांना माहीत होतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. ते खाली पाहणं मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही. अंगणभर सगळ्यांची बोटं मोजायला लागली. मंगळवार. सकाळ. कोण होतं नांगरावर?

“मीच होतो म्हनलं नं!” माय ओरडली. “तापात केली! तुले का करायचं आहे?”

वहिनीनं मायचा हात बाजूला केला आणि उभी राहिली. नाक पुसलं. चिखलानं माखलेला चेहरा, त्यात रडून धुतलेल्या दोन वाटा.

“माय खोटं बोलून राह्यली,” ती म्हणाली. “मी होतो. मंगळवारी सकाळी नांगर मी धरला.”

कुणीतरी तोंडावर पदर घेतला. नामदेवभाऊ कुंपणावरचा हात काढून सरळ उभे राहिले.

“मोजा,” वहिनी म्हणाली. “चांगले मोजा समदे. मी नांगर धरला म्हनून गोळी लागली म्हनत असान, तं मी नांगर धरला म्हनूनच ते वाचले, असं बी म्हना. एका हातानं दोन्ही मोजा. नाईतं एक बी मोजू नोका.”

शेवंताबाई भात चिवडत खाली पाहत होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते, रडत होत्या की हसत होत्या कळत नव्हतं. माय वहिनीकडे पाहत राहिली. आयुष्यात कुणाकडे तिनं तसं पाहिल्याचं मला आठवत नाही. ताराबाईंनी बोटं मिटली. पळी पातेल्यात ठेवली. आपल्या नवऱ्याकडे एकदा पाहिलं, मग वहिनीच्या जवळ गेल्या, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं,

“सुरेखा, तुतारी कोन्या हातात धरा लागते वं?”